लिंबाजीचा झूट सवाल

लिंबाजीच्या हाताला खरकटं असताना तुम्ही त्याला "काय, जेवण झालं का?" असं विचारलंत, तर तो उत्तर देत नसे. आधी तो आपल्या हाताकडे बघायचा, मग तुमच्या तोंडाकडे. एवढ्या धडधाकट माणसाला डोळ्यांचा काय आजार झाला असेल, अशी खरीखुरी काळजी त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. मग हळूच म्हणायचा, "दिसायलंय की."

परभणीच्या अध्यापक वर्गाला आम्ही दोघं एका खोलीत होतो. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाच्या काळातल्या उर्दू शाळा मराठी होत होत्या आणि सरकारला खेडोपाडी मास्तर हवे होते. ज्याला अक्षर ओळखू येतं त्याला धरून आणा, असाच प्रकार होता. मी सेलूच्या कापूस जिनिंगमधल्या कारकुनाचा मुलगा. लिंबाजी गंगाखेडकडचा, गोदेकाठच्या एका खेड्यातला धनगर. उर्दूत शिकलेला, मराठी बोलणारा, आणि दोन्ही भाषांत कमी लिहिणारा. अंगानं दांडगा. खाटेवर बसला की खाट बोलायची, तो नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यानं आम्हाला धक्का दिला. आमचे मुख्य शिक्षक दत्तोपंत गुरुजी शिस्तीचे. टोपी कधी वाकडी नाही, शब्द कधी तिरका नाही. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, "अध्यापनाविषयी तुमची स्वतःची श्रद्धा काय?" आता स्वतःची श्रद्धा कुणाकडे असते? पहिला म्हणाला, शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार. दुसऱ्यानं त्याला माळी केलं. मी दिवा केला. गुरुजी प्रत्येकाला मान डोलवत होते. मग लिंबाजी उठला.

"मास्तरला ठाऊक हाय ते मास्तरनं पोराला इचारू न्हाई," तो म्हणाला. "त्यो झूट सवाल."

गुरुजींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे काय?"

"आता बघा गुर्जी. तुमाला ठाऊक हाय हिमालय कुठं हाय. तरी तुमी पोराला इचारता, हिमालय कुठं हाय? पोरगं म्हणतं, ह्या मास्तरला ठाऊक असून इचारायलाय, म्हंजी मला धरायलाय. त्ये भितं. ज्ये आपल्याला ठाऊक न्हाई त्येच इचारावं. सवाल खरा असला की पोरगं बोलतं."

"मग परीक्षा कशी घ्यायची?"

"त्ये मला ठाऊक न्हाई," लिंबाजी म्हणाला आणि खाली बसला. गुरुजींनी कोरा फळा पुसायला घेतला. त्या दिवशी पुढच्या कुणाची श्रद्धा विचारायची राहूनच गेली.

त्याचं हे खूळ खोलीत फार जड जायचं. सकाळी मी सवयीनं विचारायचो, "उठलास का?" तो दात घासत समोर उभा असायचा. तोंडातली राख थुंकून म्हणायचा, "सेलूकर, झूट सवाल." मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, सेलूकरच म्हणायचा. उलट त्याचे सवाल ऐकून आपणच दचकावं. बाजारातून येताना एकदा त्यानं माझ्या वडिलांविषयी विचारलं, "तुझा बाप हसतो कवा?" मी उत्तर शोधत खोलीपर्यंत आलो आणि मला ते सापडलं नाही.

खरा गोंधळ झाला तो पाठाच्या दिवशी. शेजारच्या प्राथमिक शाळेत आम्हाला सरावाचे पाठ घ्यावे लागत. पाठाची सुरुवात ठरलेली असे. प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, मुलांच्या तोंडून विषय काढायचा. 'गाय' शिकवायची असेल तर "आपल्याला दूध कोण देतं?" असं विचारायचं आणि मुलं "गाय" म्हणाली की आश्चर्य दाखवून फळ्यावर लिहायचं. माझ्या पाठात एक मुलगी "गवळी" म्हणाली, तेव्हा मला घाम फुटला होता.

लिंबाजीलाही गायच आली. मागच्या बाकावर दत्तोपंत गुरुजी पेन्सिल घेऊन बसलेले. लिंबाजी वर्गासमोर मांडी घालून खाली बसला. मी डोळे मिटून घेतले.

"पोरांनो," तो म्हणाला, "मी धनगर. मेंढरं म्हणाल तर सांगतो. गाय मी पाळली न्हाई. तुमच्यात कुणाच्या घरी गाय हाय?"

पुष्कळ हात वर झाले.

"ती कुणावर रुसती का?"

तिसऱ्या रांगेतला एक गोरटेला मुलगा ताडकन उभा राहिला. "आमची रुसते. आई बसली की दूध देते. वडील बसले की लाथ मारते."

"का रं?"

"वडील ओरडतात ना. सगळ्यांवरच ओरडतात. आम्ही पळू शकतो, ती दाव्याला असते."

वर्ग हसला आणि एकदम थांबला. मला काही कळेना. मग सगळ्यांच्या माना जिकडे वळल्या तिकडे मी पाहिलं. दत्तोपंत गुरुजींच्या हातातली पेन्सिल खाली पडली होती. तो मुलगा त्यांचाच होता.

लिंबाजीला याचा पत्ता नव्हता. तो तसाच पुढं सरकून बसला. गाय माणूस कसा ओळखते, वासानं की आवाजानं, यावर मुलांचं भांडण जुंपलं. शेवटी घंटा झाली तरी मुलं उठेनात. फळ्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं.

गुरुजींनी त्याला व्हरांड्यात बोलावलं. "हा पाठ नव्हे, ही चावडी झाली," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र रोजच्यापेक्षा बराच खाली होता. "पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर पुन्हा पाठ घ्या. सरळ प्रश्न विचारा, सरळ उत्तरं घ्या. नाहीतर सर्टिफिकेट मिळणार नाही. घरी जाऊन मेंढरं राखावी लागतील."

मेंढरांची लिंबाजीला भीती नव्हती. पण सर्टिफिकेट मिळणार नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. खोलीवर आल्यावर म्हणाला, "सेलूकर, मला झूट सवाल इचारायला शिकीव."

मी त्याला शिकवायला बसलो. वसतिगृहामागच्या लिंबाखाली मी विद्यार्थी आणि तो मास्तर.

"विचार," मी म्हणालो.

"दोन आन दोन किती?" त्यानं विचारलं, आणि माझ्याकडे बघून त्याला इतकी शरम वाटली की लगेच म्हणाला, "चार. चार हायत. बस खाली."

असं रोज चाललं. सवाल त्याच्या तोंडून निघायचा, पण उत्तराची वाट बघणं काही त्याला जमायचं नाही. एखाद्याच्या घरात चोरून शिरल्यासारखा तो अवघडून जायचा.

तपासणीचा दिवस आला. साहेब जुन्या हैदराबाद सरकारच्या नोकरीतले, उर्दूत शिकलेले, पिकल्या मिशांचे, कडक. त्यांची शेरवानी पाहूनच मुलं भिंतीला चिकटली. लिंबाजीला बेरीज दिली होती. त्यानं फळ्यावर सात लिहिले, खाली पाच लिहिले आणि पहिल्या बाकावरच्या एका बारक्या मुलीला विचारलं, "किती?"

मुलगी उठली. तिनं साहेबांकडे पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. परकराचा काठ तिनं मुठीत धरला होता. मी दाराबाहेरून ओठांनी 'बारा, बारा' करत होतो. लिंबाजी त्या मुलीकडे बघत राहिला. मग खडू ठेवून तो सरळ साहेबांकडे वळला.

"साहेब, एक इचारू? तुमी मनात कंच्या भाषेत मोजता?"

दत्तोपंत गुरुजींनी खुर्चीचा हात धरला. तपासणीच्या साहेबाला कुणी सवाल करतं, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"उर्दूत," ते शेवटी म्हणाले. "आता सगळं मराठीत लिहितो, सही मराठीत करतो. पण मोजायला बसलो की उर्दूच. सात और पाँच बारा."

"मीबी तसाच मोजतो," लिंबाजी म्हणाला.

ती बारकी मुलगी खुदकन हसली. "साहेब, बारा तर आमच्यात पण बाराच असतात," ती म्हणाली. मग सगळा वर्ग बोलायला लागला. कुणाची आजी कानडीत मोजायची, कुणाचा मामा बोटाच्या पेरांवर. साहेब खुर्ची पुढं ओढून ऐकत होते.

लिंबाजी पास झाला. सर्वांत खालच्या श्रेणीत, पण पास. गुरुजी म्हणाले, "हे कसं झालं ते मला कुणी विचारू नका."

अध्यापक वर्गाचं वर्ष संपलं तेव्हा लिंबाजी मला म्हणाला, "चल घरी. चार दिवस ऱ्हा." आम्ही गंगाखेडला उतरलो आणि नदीकाठानं चालायला लागलो. वाटेत तो सहज म्हणाला, "आता भागू मोठी झाली असंल."

"भागू कोण?"

"माझी लेक."

मी वाटेतच थांबलो. वर्षभर एका खोलीत राहिलो, एका ताटात खाल्लं, आणि याला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?" तो म्हणाला. रागानं नव्हे, साधंच. आणि चालत राहिला.

मग त्यानं सगळं सांगितलं. बायको बाळंतपणात गेली. पोरगी जगली, पण बोलेना. चालायला लागली, मेंढरांमागं फिरायला लागली, तोंडातून शब्द नाही. येणारा-जाणारा तिला धरून विचारायचा, "हे काय गं? हा कोण? नाव काय तुझं?" ती ओठ दाबून बघत राहायची. गावात नवीन आलेल्या मास्तरनं तिला घंटा दाखवून विचारलं, हे काय? आणि पोरगी मुकी आहे, असं सांगून मोकळा झाला. लिंबाजीनंही ते मानलं होतं.

"एक दिस कोकरू हरवलं," तो म्हणाला. "समदीकडं बघितलं, सापडंना. मी आपला माझ्याशीच बोलायलो, कुठं गेलं असंल बरं? तर मागनं आवाज आला. बाभळीखाली हाय. मी वळून बघितलं. तिथं तिच्याबिगर कुणीच नव्हतं. मी मटकन बसलो, सेलूकर."

मेंढरं भावाच्या स्वाधीन करून तो परभणीला आला, तो एवढ्यासाठीच. आपण मास्तर झालो तर ती आपल्या शाळेत बसेल.

घर म्हणजे एक छप्पर आणि समोर काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा. लिंबाजीची आई दारात चुलीपाशी होती. तिच्यामागं एक सहा-सात वर्षांची मुलगी, लालसर केसांची, मोठ्या डोळ्यांची. मी खाली वाकलो आणि तोंडभर हसून म्हणालो, "नाव काय बाळ तुझं?"

तिनं ओठ दाबले.

"भागू," लिंबाजी पुटपुटला. "मगाशी सांगितलं की तुला."

त्यानं तिच्यासाठी परभणीहून बांगड्या आणल्या होत्या. त्या त्यानं पुढं धरल्या. तिनं घेतल्या, आणि आजीच्या पाठीमागं गेली. म्हातारी चुलीत काटक्या सारत म्हणाली, "माझ्यासंग लय बोलती आता. तू गेलास तवा सांगून गेला न्हाईस तिला. निजलेलं लेकरू सोडून गेलास. तवापास्नं तुझं नाव काढलं की गप."

दिवाळीला आला होता तेव्हाही ती बोलली नव्हती, हे मला मागाहून कळलं. सुटी संपून तो खोलीवर परत आला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "काय, आलास का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी एक चप्पल जागेवर नव्हती. मी इकडेतिकडे शोधून वैतागलो. "गेली कुठं ही?" असं कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणालो.

"कुत्र्यानं नेली. तिकडं काट्यात हाय," मागून बारीक आवाज आला.

मी चमकून वळलो. भागू उभी होती. तिच्यापलीकडे लिंबाजी पाला तोडत होता. त्याचे हात थांबले होते. ती निघून गेल्यावर तो म्हणाला, "तुझ्यासंग बोलली." त्याच्या तोंडावर आनंद होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर इतका केविलवाणा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

नेमणूक त्याच्या गावी झालीच नाही. त्याला जिंतूरकडचं एक डोंगराळ खेडं मिळालं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. आई म्हणाली, पोरीला घेऊन जा. तो म्हणाला, ती येणार न्हाई. म्हातारीनं गाठोडं बांधून तिला पुढं उभं केलं आणि या वेळी बापानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, कुठं जायचं, कशानं जायचं, आजी कधी येईल ते. तिनं ऐकून घेतलं, बोलली नाही. पण चालायला लागली.

मी परभणीला त्यांना मोटारीवर बसवून द्यायला गेलो. लिंबाजी खिडकीशी, नवी टोपी, मांडीवर गाठोडं. भागू त्याच्याशेजारी, मधे अंतर ठेवून. कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढं येत होता. मोटार सुरू झाली, धूर निघाला, तेव्हा तिनं त्याची बाही ओढली.

"आबा, तिथं मेंढरं हायत का?"

लिंबाजी तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. कंडक्टर येऊन उभा राहिला, "किती?" म्हणून त्यानं एकदा विचारलं, परत विचारलं. लिंबाजीनं नुसती दोन बोटं वर केली.