मुलाखतीमागची खिडकी

"मुलाखतीचं काय घेऊन बसलात! शाळेच्या हॉकी संघातली पोरं घडवली मी. कानाला धरून जिंकायला शिकवलं त्यांना. पोरीला मेडिकलला घालणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे!"

ओरेस्ट हालुश्का हे कॅनडातल्या सगळ्या यॉर्कटन गावाला सांगत सुटला होता. पेट्रोल पंपावर सांगितलं, चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडीच्या करंज्या, वळणाऱ्या बायकांना सांगितलं, दात काढायला गेला तेव्हा तोंडात कापूस असतानाही सांगितलं!

त्याच्या लारिसाला मार्क भरपूर होते. आता अडलं होतं ते फक्त कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखतीवर. ही मुलाखत भलतीच विचित्र. समोर माणूसच नाही! लॅपटॉपवर प्रश्न उमटतो, घटकाभर विचार करायचा, की लाल ठिपका पेटतो आणि बोलायला लागायचं. वेळ संपली की संपली. पुन्हा संधी नाही. शिवाय त्यात ज्ञान विचारतच नाहीत. माणसाला मन आहे का, तेवढं बघतात.

"मन दाखवायचं तर तालीम नको?" ओरेस्ट म्हणाला आणि त्यानं गळ्यात शिट्टी अडकवली.

रोज जेवणाच्या टेबलावर सराव. "प्रश्न! तुझ्या मैत्रिणीनं परीक्षेत कॉपी केली. बोल!"

"मी आधी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून..."

"हसून ऐक, हसून!"

"बाबा, कॉपीवर हसू?"

"मग दुःखानं हस!"

एवढ्यावर थांबला असता तर तो ओरेस्ट कसला! पोरीचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून ती बोलत असताना तो मुद्दाम ताट आपटायचा, दारावरची घंटा वाजवायचा. एकदा तर "आग! आग!" म्हणून बोंबलला. बिचारी लारिसा मांजराला काखोटीला मारून अंगणात पळाली. ओरेस्टनं जोरात शिट्टी फुंकली. "चूक! घर जळू दे, नाहीतर बाप जळू दे, नजर कॅमेऱ्यावर!"

"वेड लागेल मला अशानं," लारिसा म्हणाली. पण बापाचा उत्साह बघून पुन्हा टेबलाशी येऊन बसली. गरीब पोर!

मुलाखतीच्या दिवशी आई शाळेत शिकवायला गेलेली. बाहेर गुडघाभर बर्फ. लारिसाला खिडकीकडे तोंड करून बसायचं होतं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येईल. ओरेस्ट आडवा आला. "आणि तुझ्यामागच्या भिंतीवर काय दिसेल? मी मारलेल्या मूस सांबराचं मुंडकं! ते बघून तुला डॉक्टर करतील की खाटीक?" झालं, टेबल फिरलं. लारिसाची पाठ खिडकीला आणि कॅमेऱ्यात अख्खी खिडकी.

शेजारच्या वेंडेल फ्रीझन आजोबांना त्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं. "काका, उद्या सकाळी तुमचं बर्फ काढायचं यंत्र सुरू करू नका. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अरे, टाचणी पडल्याचासुद्धा आवाज व्हायचा नाही," आजोबा म्हणाले होते.

आता तिकडे रीत अशी, की जो आधी बर्फ काढायला बाहेर पडेल, त्यानं शेजाऱ्याचंही अंगण साफ करायचं. आजोबांनी ती रीत कधी मोडली नव्हती, आणि आज तर त्या घरातल्या पोरीची मुलाखत! यंत्र नको म्हणालाय ना? मग आजोबा फावडंच घेऊन आले. हळूच, पाय न वाजवता, थेट त्या खिडकीसमोर!

स्वयंपाकघराच्या दारातून ओरेस्टला आधी काचेमागे वरखाली होणारं फावडं दिसलं, मग लाल टोपी. तो मागच्या दारानं सपाता घालूनच बाहेर धावला आणि तोंडातून चकार शब्द न काढता हात हलवायला लागला. आजोबांनीही खुशीत हात हलवला. ओरेस्टनं दोन्ही हातांनी खुणा केल्या, खाली वाका, खाली! आजोबांना वाटलं, आपलं काहीतरी खाली पडलंय. ते शोधायला वाकले आणि भुसभुशीत बर्फाखालच्या गुळगुळीत थरावरून सण्णकन घसरले!

"मेलो रे! माझा पाय!"

आत लारिसा बोलतच राहिली. मानसुद्धा वळवली नाही! आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ओरेस्टला पोरीचा अभिमान वाटला.

"अगं आई गं! कुणीतरी या रे!"

हे बापाचं सोंग नव्हतं, आवाज आजोबांचा होता. लारिसा वळली, खुर्ची मागे पडली, आणि दुसऱ्या क्षणी ती अनवाणी पायांनी बर्फात आजोबांच्या शेजारी बसली होती. "आजोबा, हलू नका. बोटं हलवून दाखवा बरं."

"आत जा!" ओरेस्ट ओरडला. "मी बघतो यांच्याकडे! वेळ चाललीय!"

"बाबा, पाय मोडलाय त्यांचा!"

"आत जा म्हणतो ना!" त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि ढकलत दारापर्यंत नेलं. ती गेली.

आजोबांना उठवता उठवता ओरेस्टची नजर खिडकीतून आत गेली. लारिसाच्या खांद्यापलीकडे लॅपटॉप होता. त्यात ती दिसत होती, आणि तिच्या मागे स्वच्छ उजेडात आजोबा आणि तो स्वतः. लाल ठिपका चालूच होता.

दवाखान्यात आजोबांच्या पायाला प्लास्टर घातलं. "पोरीचा हात फार हलका आहे रे," ते म्हणाले.

"प्रश्न काय होता गं?" परतताना गाडीत त्यानं लारिसाला भीत भीत विचारलं.

"स्वतःचं नुकसान होत असतानाही तुम्ही दुसऱ्याच्या मदतीला धावलात, असा प्रसंग सांगा."

ओरेस्टनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तो नुसता तोंड मिटून उभा राहिला असता, तर पोरीनं सगळ्या कॅनडात कुणी दिलं नसेल असं उत्तर दिलं असतं!

मे महिन्यात कॉलेजचा नकार आला. लारिसानं तो वाचला, लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवला. इतके दिवस टाळलेला प्रश्न ओरेस्टनं तेव्हा विचारला. "तू परत जाऊन बसलीस, तेव्हा काय बोललीस गं?"

"धाप लागली होती. एवढंच म्हणाले, की बाहेर आजोबा पडलेत आणि मी त्यांना टाकून इथे येऊन बसलेय. मग वेळ संपली."

ओरेस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आत्ताच्या आत्ता कॉलेजला फोन करतो. सांगतो त्यांना, की पोरीची काही चूक नाही, मीच तिला ढकललं!"

"ते दिसलंच की त्यांना, बाबा," लारिसा म्हणाली.