केळकरकाकांचं काटेरी झाड

आमचे शेजारी केळकरकाका रोज सकाळी ओव्हन ग्लव्हज घालून एका झाडाशी शेकहँड करतात. बर्मिंगहॅममध्ये घर घेतलं त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं आणि हादरून बायकोला म्हणालो, "सुजाता, सॉलिसिटरला फोन लाव. घर परत देता येतं का विचार."

झाडाचं नाव मंकी पझल. दक्षिण अमेरिकेतल्या थंड, पावसाळी जंगलांतलं. बारा महिने हिरवं, आणि पान न् पान खिळ्यासारखं. चढायचं कसं, हे माकडालाही कोडं पडावं, म्हणून हे नाव. मी माकडापेक्षा हुशार. ओळख करून घ्यायला गेलो, ऐटीत बुंध्याला टेकलो आणि किंचाळलो.

"बसला ना धक्का?" काका खूश! हे त्यांचं पालुपद. "इथला पाऊस ह्याला माहेरचा वाटतो. रडतो कोण? तुम्ही न् मी!"

काकू गेल्यापासून काका एकटेच. मुलगा रोहित इथेच जन्मलेला, मँचेस्टरला असतो. गेल्या महिन्यात झाडाची एक वाळकी फांदी काकांच्या अगदी पुढ्यात पडली, तेव्हा तो धावत आला. "बाबा, ती झाड डेंजरस आहे. कट करूया."

"कर," काका म्हणाले. एवढंच. त्या फांदीपेक्षा मला ह्या 'कर'चाच धक्का मोठा बसला.

झाड तोडणारे आले त्या सकाळी मी खिडकीत चहा घेत होतो. बघतो तर काका झाडाभोवती दोरा गुंडाळत फिरताहेत. म्हटलं, झालं! म्हातारा स्वतःला बांधून घेऊन आंदोलन करतोय. तसाच पायजम्यावर धावलो. "काका, थांबा! बोलून मार्ग काढू!"

घरातून रोहितही धावत आला. "बाबा, काय करताय?"

"आज वटपौर्णिमा," काका म्हणाले. "इथे वड कुठला आणायचा? तुझी आई दर वर्षी ह्यालाच दोरा गुंडाळायची. हात ओरबाडून घ्यायची. मी हसायचो. म्हणायचो, अगं, असल्या काटेरी झाडाकडे मागितलंस तर नवराही तसलाच मिळेल. तर म्हणायची, तोच तर हवाय."

करवतवाल्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने हेल्मेट काढलं.

"तिचं मागून झालं," काका झाडाकडेच बघत म्हणाले. "माझं राहिलंय. हे गेल्यावर मी कुणाकडे मागू?"

रोहित वळून त्या माणसांना इंग्रजीत म्हणाला, फक्त वाळक्या फांद्या काढा. आणि त्याही जरा थांबून. काकांच्या हातातलं रीळ त्याने उघड्या हातांनीच घेतलं.

"दोरा लूज पडतोय, बाबा. तुम्ही चाला. मी मागून येतो."