ज्येष्ठ वर्ग पाच, टेकूसह

माणसाला कधी ना कधी टेकू लागतो. हे पाद्रीबुवा सांगतात, डॉक्टर सांगतो, गुडघे तर रोज सांगतात. पण या सत्याचं रीतसर कलम केलं ते फक्त नेमबाजांच्या महासंघाने. सदरहू कलमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हवाई बंदूक हातात तोलून धरायची गरज नाही. ती लोखंडी टेकूवर ठेवावी आणि घोडा ओढावा. (डोळा मात्र स्वतःचाच लागतो. त्यावरही विचार चालू आहे म्हणे.)

आमच्या उंटरव्हिंकल गावात रविवारी चर्चला त्रेचाळीस माणसं असतात आणि शुक्रवारी नेमबाज मंडळात एकशे बारा. बव्हेरियात देव कुठे राहतो ते यावरून समजा. दहा मीटरवर एक कागद, कागदावर काळा गोल, गोलात खसखशीएवढा ठिपका. टेकू आल्यावर सगळेच ठिपक्यात मारू लागले. तेव्हा महासंघाने डोकं चालवलं आणि दहा गुणांनाही शेपूट लावलं. आता दहा मारलेला माणूस तोंड पाडून घरी येतो, कारण शेजाऱ्याने दहा पूर्णांक सात मारलेले असतात. याला प्रगती म्हणतात.

माझा नवरा कोर्बिनियान एकेचाळीस वर्षं मारतोय. त्याच्याकडे हवाई बंदुका एकोणीस, पदक एकही नाही. (प्रत्येक बंदूक घरात येताना 'ही शेवटची' म्हणून आली. अशा एकोणीस शेवटच्या.) जेवणाच्या खोलीतल्या चारही भिंती त्यांनी भरल्या आहेत. दर आठवड्याला त्यांच्या अक्रोडी दस्त्यांना तो तेल चोळतो. मलाही तेल चोळायला काही हरकत नव्हती, पण मी अक्रोडाची नाही.

शाळेत मी कमी आणि गोठ्यात जास्त शिकले, तरी पुढचा हिशोब मलाही जमला. ज्येष्ठांचे वर्ग पाच. आमच्या तालुक्यात पहिल्या वर्गात एकसष्ट माणसं, दुसऱ्यात बेचाळीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात सतरा आणि शहात्तर आणि पुढच्या पाचव्या वर्गात दोन. पदकं मात्र प्रत्येक वर्गाला तीन. म्हणजे शहात्तर लागले की नेम कसाही असो, ब्राँझ कुठे जात नाही. जगात इतका न्याय दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. धावणाऱ्यांना धावावं लागतं, आमच्याकडे नुसतं उरावं लागतं.

शहात्तरावं लागायच्या आधीचं वर्षभर कोर्बिनियानने उरण्याचा कसून सराव केला. डुकराच्या भाजलेल्या मांडीवरची कुरकुरीत साल सोडली. बीअर अर्ध्यावर आणली. छपरावरची कौलं सरकली होती, तर म्हणाला, "बुर्गी, स्पर्धा होऊ दे. हंगामात चढउतार नको."

आता पाचव्या वर्गातले ते दोघे. एक शेजारच्या गावचा क्विरीन. भला माणूस, ठार बहिरा. (बंदुकीच्या आवाजाने नव्हे, बायकोच्या, असं तो सांगतो.) दुसरा आमच्याच गल्लीतला आल्बान. आल्बान आणि कोर्बिनियान एकतीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण गंभीर होतं. एक जुना नेमबाज वारला. बंदुका जमवणारी माणसं मयताच्या जेवणाला जातात ती सांत्वनासाठीच, पण खिशात मोजपट्टी असते. मयताच्या माळ्यावर बाजूच्या दांड्याने हवा भरायची एक दुर्मिळ बंदूक होती. कोर्बिनियान विधवेचा हात हातात घेऊन बसला, तेवढ्यात आल्बान माळ्यावरून बंदूक घेऊन उतरला. नवऱ्याच्या मते हा विश्वासघात. माझ्या मते जिन्याचा योग्य वापर.

स्पर्धेला तीन आठवडे असताना आल्बानला न्यूमोनिया झाला. ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते ख्रिस्ती माणसाला शोभणारं नव्हतं. मंडळाची सचिव गुंडी हिने त्याला नियमावलीतला सतरावा परिच्छेद वाचून दाखवला: वर्गात तीनपेक्षा कमी स्पर्धक असल्यास तो वर्ग खालच्या वर्गात मिसळला जाईल.

"म्हणजे?" कोर्बिनियान पांढराफटक पडला.

"म्हणजे काका, तुम्ही वर्ग चारच्या सतरा जणांशी लढा."

"ती सत्तरबहात्तरची पोरं आहेत गं! दोघांनी मोतीबिंदू काढून घेतलाय!"

घरी येऊन त्याने मला इतकंच सांगितलं, "बुर्गी, सूप चढव."

कलेजी-पावाच्या गोळ्यांचं सूप एकवीस दिवस या घरातून त्या घरात गेलं. पहिल्या दिवशी आल्बानने उशीवरून एक डोळा उघडला.

"विष घातलंस का रे?"

"पुढच्या महिन्यात घालीन. आधी तीस छर्रे मार, मग खुशाल मर."

"मीठ कमी आहे."

"ते हिला सांग. तुझ्यात हिंमत असेल तर."

एकतीस वर्षांनी त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. नंतर नवरा तिथे तासतासभर बसू लागला, घाम पुसू लागला, उशा बदलू लागला. मला तीन बाळंतपणांत एवढी सेवा मिळाली नाही. पण माझ्यावर पदक अवलंबून नव्हतं.

तरी मी सावध बाई. सूप चांगलं असलं म्हणून फुप्फुसं ऐकतीलच असं नाही. आल्बान नाहीच उठला तर वर्ग मोडेल आणि नवरा उरलेलं आयुष्य माझ्यासमोर सुस्कारे सोडत बसेल. पाचव्या वर्गात पुरुष आणि बायका एकत्र धरतात. (त्या वयात फरक काय उरतो, असं महासंघाला वाटतं. मला विचारलं नाही.) मी गुपचूप गुंडीकडे जाऊन माझं नाव घातलं. अर्जावर जन्मसाल खरं लिहिलं. कोर्बिनियानच्या समजुतीप्रमाणे मी बहात्तर वर्षांची आहे. नवऱ्यासाठी एवढा त्याग कुठल्या बाईने केलाय?

स्पर्धेच्या रविवारी आल्बान आला. गालफडं बसलेली, गळ्यात मफलर, पण दोन पायांवर. क्विरीन आला. कोर्बिनियान आला. आणि चौथ्या टेकूशी मी उभी राहिले. बंदूक मी तोवर फक्त धूळ झाडायला हातात घेतली होती. गुंडीने सांगितलं, "काकू, श्वास रोखा, हळू ओढा आणि तोंड बंद ठेवा." तिसरं अवघड गेलं.

निकाल येणेप्रमाणे: आल्बान सुवर्ण. मी रौप्य. क्विरीन ब्राँझ. कोर्बिनियान तीन दशांशांनी चौथा. तालुक्यात ज्येष्ठ वर्ग पाचमध्ये पदक न मिळालेला तो पहिला आणि आजवरचा एकमेव माणूस आहे. या विक्रमाबद्दल प्रमाणपत्र देता येईल का, याची गुंडी चौकशी करत आहे.

दोन दिवस तो बंदुकांना तेल चोळत बसला. तिसऱ्या दिवसापासून मात्र नवरा असा काही गोड झालाय की शेजारणी जळतात. सकाळी माझ्या पावावर बोटभर जाडीचं लोणी तो स्वतः लावतो. आल्बानकडे दर बुधवारी मलईचा केक पोचवतो, क्विरीनला चरबीदार सॉसेज. माझी थाळी रिकामी दिसली की उठतो, सालीसकट मांसाचा तुकडा वाढतो आणि म्हणतो, "घे गं बुर्गी, अजून एक. माझ्यासाठी."

स्वतः उकडलेला कोबी खातो.

तुम्ही हसताय. हसा. पण आज जेवायला बसाल तेव्हा, नको नको म्हणताना जो तुमच्या पानात तूप ओतेल, त्याच्याकडे जरा नीट बघा. आणि प्रेमाने विचारा, तुमचा नंबर कितवा आला होता हो?