दर वर्षी एक मिलिमीटर

मोजणी खात्यातून निवृत्त झाले तरी मोजणीदारांचे हात काही स्वस्थ बसत नव्हते. सध्या त्यांच्या तावडीत बायकोचा गुडघा सापडला होता. ऑपरेशन झाल्यापासून तो किती अंश वाकतो, हे ते रोज संध्याकाळी कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजत आणि वहीत लिहीत. तीन आठवडे आकडा सत्तरवर ठाण मांडून होता. बाई रोज आशेने विचारत आणि हे रोज खरं सांगत.

त्या गुडघ्यापायी यंदा रानातल्या फेरीला बाई नव्हत्या. तिथल्या एका खडकावरचं दगडफूल हे दोघं दर वर्षी मोजत. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार, अत्यंत सावकाश वाढणारा. ते खडकाच्या पोटाखाली असल्याने पालथं पडून मोजावं लागे. पहिल्या वर्षी मोजणीदारांनी स्वतः मोजलं, चाळीस मिलिमीटर. पुढे त्यांची कंबर धरली आणि खात्यातल्या रिवाजाने कामाची वाटणी झाली. बाईंनी पट्टी धरायची, ह्यांनी आकडा लिहायचा. अकरा वर्षं एकेक मिलिमीटर वाढ, गेल्या साली एक्कावन्न. हा तक्ता निसर्गमंडळाच्या स्मरणिकेत यायचा होता. मोजणीदारांचं नाव आयुष्यात पहिल्यांदाच छापून येणार होतं.

“बावन्न भरेल बघा,” त्यांनी खडकापाशी जमलेल्या मंडळाच्या सभासदांना सांगितलं.

औषधाचे दुकानदार पालथे पडले. “चाळीस.”

“पट्टी उलटी धरलीय तुम्ही.”

“सुलटीच आहे हो.”

शिवणकामवाल्या बाईंनी पर्समधून टेप काढली. पुन्हा चाळीस.

“खडक तरी तोच आहे ना?” कुणीतरी विचारलं.

“खडक चुकायला मी काय काल मोजायला लागलोय?”

मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, गंभीर झाले. “अकरा मिलिमीटर आक्रसलंय. हवा नासलीय. दगडफुलाला आधी कळतं.”

ताबडतोब सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. रानापलीकडच्या कारखान्याची चौकशी करा, असं पत्र तिथेच लिहून झालं. खाली दहा सह्या. पुरावा, मोजणीदारांचा तक्ता.

घरी बाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते पत्र देऊ नका,” त्या हळूच म्हणाल्या. “ते कधी वाढलंच नाही.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या वर्षी चाळीसच होतं. पण तुम्ही पेन उघडून इतक्या आशेने उभे होतात, की मला सांगवेना. एक जास्त सांगितला.”

“अगं, पण अकरा वर्षं?”

“एकदा वाढलेलं कमी कसं करणार?”

मोजणीदार संतापले. ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या बांधाला बोटभर सरकू दिलं नाही, त्याच्या वहीत अकरा वर्षं खोटी. तरी त्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. “पत्र थांबवा. तक्ताही छापू नका. चूक मोजणीत आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

संध्याकाळपर्यंत ते तणतणत राहिले. मग वेळ झाली तसे कोनमापक घेऊन बसले. बाईंनी दात आवळून पाय दुमडला. कपाळावर घाम आला.

“किती?” त्यांनी विचारलं. आणि त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सत्तर. केसभरही पुढे नाही.

मोजणीदारांनी पेनचं टोपण काढलं. “एकाहत्तर.”

“मला वाटलंच,” बाईंनी पाय सैल सोडला. “आज जरा हलकं वाटतंय.”

मोजणीदारांनी वहीत एकाहत्तर लिहिलं, आणि त्यांना उद्याची काळजी लागली.