रिकाम्या दप्तराची तालीम

भर मे महिन्यात, शाळांना कुलूप असताना, आमच्या जाफराबादच्या गल्लीतली एक चार वर्षांची पोरगी रोज सकाळी पावणेआठला दप्तर लावून शाळेत जायची. सोबत तिचे आजोबा, रंगनाथतात्या. दोघं शाळेच्या बंद गेटपर्यंत जायची, गेटला हात लावायची आणि परत यायची. दप्तरात काहीही नसायचं.

माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आहे. गल्लीतलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटलं तर मला चैन पडत नाही. चौथ्या दिवशी मी विचारलंच.

"तात्या, शाळा उघडायला महिना आहे अजून."

"म्हणून तं आत्ता जाऊन राह्यलो, माय. आधी रिकामं जू. एकदम वझं टाकलं की गोऱ्हा बिथरतो."

तात्यांचा सगळा जन्म हसनाबादला गोऱ्हे शिकवण्यात गेला. कोवळा गोऱ्हा औताला लावायचा म्हटलं की आसपासच्या गावांतले लोक त्याला घेऊन तात्यांच्या दारात उभे. तात्यांनी कधी चाबूक हातात धरला नाही म्हणे. त्यांच्या बायको गोदाकाकू वारल्या आणि मुलानं त्यांना इथं आणलं. मुलगा जीप चालवतो, सून मनीषा दवाखान्यात नर्स. दोघंही सातलाच घराबाहेर. मागं उरायचे तात्या आणि नात आरोही, म्हणजे तात्यांची आरू.

या आरूनं गेल्या वर्षी अंगणवाडीत तीन दिवस असा आकांत मांडला होता की चौथ्या दिवशी तिथल्या बाईंनीच हात जोडले. मनीषाच्या मते हे सगळं आजोबांच्या लाडाचं फळ. यंदा केजीत नाव घालायचं ठरलं, तेव्हा तिनं स्पष्टच सांगून टाकलं, "इथं रुळली तर ठीक. पुन्हा तसंच रडली, तर आईकडं जालन्याला ठेवते. तिथं माझी बहीण शाळेतच शिकवते."

दुसऱ्या दिवशी तात्या बाजारातून दप्तर घेऊन आले.

नाव घालण्यापुरती शाळा एक दिवस उघडली, तेव्हा तात्यांनी फॉर्म भरायला मला सोबत नेलं. मोठ्या बाईंनी आरूला रंग विचारले, तिनं सांगितले. मग तात्यांनी बाईंची मुलाखत घेतली. आधी वर्गात फिरून खिडकी पाहिली, फरशीवर पाय आपटून पाहिला.

"पाणी किती वाजता पाजता?"

"मुलं हवं तेव्हा पितात, आजोबा."

"आन् शिकवणाऱ्या बाई तापट न्हाईत ना?"

"मीच शिकवते," बाई म्हणाल्या. तात्यांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि "बराबर हाय" म्हणून मान डोलावली. मी फॉर्ममध्ये तोंड खुपसून बसले होते.

दुसऱ्या आठवड्यात दप्तरात एक वही आली. तिसऱ्यात पाण्याची बाटली, तीही अर्धीच भरलेली. नव्या गोऱ्ह्याला एकट्याला जुंपत नाहीत, शेजारी मुरलेला बैल लागतो; म्हणून ओट्यावर पोतं टाकून आरूशेजारी तात्या स्वतः मांडी घालून बसायचे. दोघांपुढं दोन डबे. तात्यांच्या डब्याचं झाकण त्यांना कधीच उघडता आलं नाही, ते आरू उघडून द्यायची.

खरा कळस चौथ्या आठवड्यात झाला. गल्लीतली पाच पोरं तात्यांनी ओट्यावर बसवली आणि एकेका पेप्सीच्या बोलीवर त्यांना रडायला लावलं. पोरांनी असा गळा काढला की समोरच्या शकीलाखाला पिठाच्या हातानं धावत आल्या.

"या अल्ला, क्या हुआ? कौन मारा बच्चों को?"

"कोनी न्हाई मारलं, खाला. सराव हाय," तात्या शांतपणे म्हणाले. "एक बिथरलं की सगळे बिथरतेत. हिला आवाजाची सवय लावून राह्यलो."

आणि त्या गोंगाटात आरू डबा उघडून शेंगदाण्याचा लाडू खात होती. आठ दिवस हेच चाललं. रडारड सुरू झाली की डबा उघडायचा.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. मनीषाची ड्युटी होती, तिनं फोटो काढायचं काम माझ्यावर सोपवलं. वर्गात नुसता कल्लोळ. कुणी दाराला लटकलंय, कुणी बाईंची ओढणी ओढतंय. आरू आत गेली, आवाज ऐकला, खाली बसली आणि आठ वाजून पाच मिनिटांनी डबा उघडून जेवायला लागली. शेजारच्या रडणाऱ्या मुलीला तिनं अर्धा लाडूही दिला. ती गप्प झाली. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मी फोटो काढून लगेच मनीषाला पाठवला.

गेट लागलं. पालक पांगले, पण तात्या हलेनात.

"न्हाई रडली," ते म्हणाले.

"नाही हो. कमाल केलीत तुम्ही."

"मागं वळून बी न्हाई पाह्यलं."

"नाही पाहिलं."

"मंग जालन्याला न्हाई जायची आता?"

मी मोबाईल दाखवला. मनीषाचं उत्तर आलं होतं: 'राहू दे इथंच.' ते मी वाचून दाखवलं. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली. महिनाभर खिडकीतून मी नुसती हसत होते.

"किती वाजता सुटती?"

"साडेबाराला."

तात्यांनी रस्त्यावर दोन्हीकडं पाहिलं. रस्ता तोच होता, पण बोट धरायला कुणी नव्हतं.

"साडेबारापस्तोर काय करायचं असतं, माय?"

मी म्हटलं, "माझ्याकडं या. बटणं निवडायची आहेत. रंगाप्रमाणं वेगळी करायची, फार किचकट काम आहे."

"येतो की," तात्या म्हणाले. "चपला झाडतो, तोंड धुतो आन् येतो."

मी झपाझप चालत घर गाठलं. कपाटातून बटणांच्या सहा बरण्या काढल्या. सहा रंग, सहा बरण्या, गेल्याच आठवड्यात मी दोन दिवस बसून बटणं निवडून भरलेल्या. बाहेर तात्यांच्या चपला वाजल्या, तशा मी सगळ्या बरण्या एका परातीत ओतल्या आणि हातानं चांगल्या कालवून ठेवल्या.