सत्तावीस नंबरच्या लॉकरमधलं खमीर

ग्रंथालयाच्या दारात बेकरीवाल्याच्या पिशवीतून एकूण सात वस्तू निघाल्या: चष्मा, ओळखपत्र, वही, पेन्सिल, किलोभर मैद्याची पुडी, लाकडी चमचा आणि झाकण घट्ट बसवलेला मोठा स्टीलचा डबा. पहिल्या चार वस्तूंबद्दल वॉचमनची काही तक्रार नव्हती.

"डब्यात काय आहे?"

"खमीर," बेकरीवाला म्हणाला. "पाव फुगवायचं. जिवंत असतं."

"जिवंत प्राणी आत चालत नाहीत."

"प्राणी कसला हो!" मागून त्याची बायको पुढे आली. "माझ्या बाबांनी लग्नात दिलंय. दुपारी त्याला खायला घातलं की झालं, काही त्रास नाही त्याचा."

हे ऐकून वॉचमन आणखी एक पाऊल मागे सरला. अखेर डबा, पुडी आणि चमचा सत्तावीस नंबरच्या लॉकरमध्ये ठेवायचं ठरलं, आणि काउंटरवरच्या ग्रंथपाल बाईंनी दोघांना एकेक दिवसाचा पास दिला. विद्यापीठाने ग्रंथालय बाहेरच्या लोकांना नुकतंच खुलं केलं होतं. अटी दोनच होत्या. पुस्तक घरी न्यायचं नाही. आणि गोंधळ झाला तर पास रद्द, वर्षभर पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

बेकरीवाल्याकडे वर्ष नव्हतं. त्याच्याकडे आजचा दिवस होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने दुकान पाण्याच्या टाकीशेजारच्या नव्या गाळ्यात हलवलं आणि तेव्हापासून पाव फुगेनासा झाला. मैदा बदलून झाला, भट्टीची जागा बदलून झाली. अर्ध्याहून जास्त माल घेणाऱ्या इस्पितळाच्या कॅन्टीनचा व्यवस्थापक रोज पावाला उभी पट्टी लावून बघायचा. आज सकाळीच तो म्हणाला होता, "उद्या दहा सेंटीमीटरच्या खाली आला तर मी दुसरा बेकरीवाला बघतो."

"बाबांच्या हाताखाली कसं उसळायचं ते," जिना चढताना बायको म्हणाली. "तुमच्याकडे आलं आणि तोंड पाडून बसलं."

"अगं, माणसं तरी बघ, ऐकतायत."

तिसऱ्या मजल्यावर तो थबकला. एका भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, फक्त आंबवण्यावरची पुस्तकं होती. वरच्या फळीसाठी शिडी लावलेली होती. रोज पहाटे पावाची गाडी घेऊन तो या इमारतीवरून जायचा, आणि आत काय असतं याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"एवढं सगळं पिठाबद्दल?" त्याने कुजबुजत ग्रंथपाल बाईंना विचारलं. "आम्ही हात लावला तर चालेल?"

"हात लावायलाच ठेवलीत."

तरी त्याने आधी दोन्ही हात पँटला पुसले. मग एक जाडजूड पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी धरून टेबलावर नेलं. एका चमचाभर खमिरात एखाद्या मोठ्या शहरातल्या माणसांपेक्षा जास्त जीव राहतात, असं त्यात लिहिलं होतं. त्याने ते वाक्य बायकोला दाखवलं. तिने शब्दांवर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं.

"मग एवढ्या सगळ्यांना आपण रोज वाटीभर मैद्यावर ठेवतो?" ती म्हणाली आणि लॉकरची किल्ली घेऊन उठली.

बेकरीवाला वाचत राहिला. काही पानं कळत होती, काही नुसतीच सुंदर होती. बायको परत आली, समोर बसली आणि चित्रं बघू लागली. दुपार कशी गेली ते दोघांनाही कळलं नाही.

पाचच्या सुमारास एक विद्यार्थिनी धावत काउंटरवर आली.

"मॅडम, सत्तावीस नंबरच्या लॉकरमधून काहीतरी बाहेर येतंय."

"काय येतंय?"

"माहीत नाही. पण येतंय."

बेकरीवाल्याला बोलावेपर्यंत निम्मं वाचनालय खाली जमलं होतं. लॉकरच्या दारात हवेसाठी तीन फटी होत्या आणि तिन्हींतून तीन पांढऱ्या जिभा लोंबत होत्या. मधली सर्वांत लांब होती.

"मी सकाळीच म्हटलं होतं," वॉचमन हलक्या आवाजात म्हणाला. "प्राणी आहे."

"किती घातलंस?" बेकरीवाल्याने विचारलं.

"सगळी पुडी," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबांच्या वेळी असंच यायचं हो."

"लॉकरमागून गरम पाण्याचा पाइप जातो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "ऊब लागली असेल."

"आमच्या भट्टीशेजारी याहून जास्त ऊब आहे, बाई."

"मैदा वेगळा?"

"तोच. चमचाही तोच." तो बायकोकडे वळला. "पाणी कुठलं घातलंस गं?"

"तिथलं." तिने कोपऱ्यातल्या फिल्टरच्या कूलरकडे बोट दाखवलं.

बेकरीवाल्याने कूलरकडे पाहिलं, जिभांकडे पाहिलं आणि जिन्याकडे धाव घेतली.

"अहो, थांबा! हा गोंधळ आहे, तुमचा पास रद्द होतोय!"

"बाई, पाण्याबद्दलचं पान तेवढं बघू द्या! पुस्तक काही घरी नेता येत नाही!"

ग्रंथपाल बाईंनी लॉकरकडे पाहिलं. मधली जीभ तेवढ्यात आणखी थोडी खाली आली. बावीस वर्षांत या इमारतीत काही वाढताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"रद्दचा शिक्का मारावा लागतो," त्या म्हणाल्या. "आणि शिक्का मला सापडत नाहीये." शिक्का त्यांच्या हातातच होता.

तो पाऊण तास सापडला नाही. तेवढ्या वेळात बेकरीवाल्याला पान सापडलं. टाकीच्या जवळच्या नळाला क्लोरिनचा जोर जास्त असतो, जंतू मारणारं पाणी खमीरही मारतं, आणि पाणी चांगलं उकळून गार केलं की क्लोरिन उडून जातो. त्याने ते वहीत दोनदा लिहून घेतलं. खाली बायको आणि वॉचमन मिळून लॉकर खरवडत होते.

"यातलं चिमूटभर मिळेल का?" वॉचमनने विचारलं. "घरी दाखवायला. कुणाचा विश्वास बसणार नाही."

"न्या," ती म्हणाली. "पण उपाशी ठेवू नका."

दुकानात परतल्यावर दोघांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, गार केलं आणि त्यात उरलेलं खमीर घालून पीठ मळलं. पहाटे भट्टीचं दार उघडून दोघं नुसते बघत उभे राहिले.

कॅन्टीनच्या व्यवस्थापकाने पावाला पट्टी लावली, चष्मा पुसला आणि पुन्हा लावली. साडेबारा सेंटीमीटर. मग त्याने पाव कापला, एक स्लाइस घेऊन टोस्टरपाशी गेला, आत बसेना तेव्हा पट्टी टोस्टरच्या फटीला लावली. अकरा.