पुरळाची मोजणी

चार दिवसांच्या सर्दी-खोकल्यानंतर टिल्लीचा ताप उतरला आणि सकाळी पोटावर लाल पुरळ उठलं. आई गावाला गेलेली. घरात फक्त बाबा, आणि बाबा पडले भूमापक! सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हद्दी आखण्यात गेलेलं. त्यांनी पट्टी लावून पुरळाभोवती निळ्या बॉलपेनने चौकट आखली आणि शेजारी वेळ टाकली, ८.१०.

"रेघेबाहेर गेलं, तर वाढलं म्हणायचं," ते म्हणाले. सहा वर्षांच्या टिल्लीला गुदगुल्या झाल्या.

मग त्यांनी ऑफिसात फोन लावला. "पुरळ वाढलं नाही तर बारापर्यंत येतो, साहेब. वाढलं तर मात्र काही खरं नाही."

दहा वाजता रेघेबाहेर सात ठिपके. बाबांनी नवी हद्द आखली. अकराला पुरळ मांडीवर उतरलं, साडेअकराला गुडघ्यावर. बाबा जरा स्वयंपाकघरात गेले की त्याला जोर चढे. पोरगी टुणटुणीत होती, पण बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत लेक आणि हातात पट्टी, अशा थाटात त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, छाती तपासली आणि फ्रॉक वर केला. "हा नकाशा कोणी काढलाय?"

"मीच. वेळेसकट आहे."

बाईंनी बाबांचीच पारदर्शक पट्टी घेऊन पोटावरच्या पहिल्या चौकटीत दाबली. ठिपके पुसट झाले. "छान. दाबल्यावर जातायत. अशा सर्दी-तापात पोरांना उठतं पुरळ. आपोआप जाईल." मग त्यांनी पट्टी गुडघ्यावर दाबली. ठिपके ढिम्म. पुन्हा दाबली. ढिम्म.

"हे का जात नाहीत, डॉक्टर?" बाबांचा आवाज चिरकला.

बाई गुडघ्यावर वाकून बघत राहिल्या. हिच्या आईला आता काय तोंड दाखवू, एवढंच बाबांच्या डोक्यात घुमत होतं.

बाईंनी स्पिरिटचा बोळा गुडघ्यावर फिरवला. बोळा लाल, गुडघा स्वच्छ.

"टिल्ले!" बाबा ओरडले.

टिल्लीने फ्रॉकच्या खिशातून लाल स्केचपेन काढून टेबलावर ठेवलं. "वाढलं नाही तर ऑफिसला जाणार, असं तुम्हीच म्हणालात ना, बाबा?"

बाबा मटकन खुर्चीत बसले. रागवायला तोंड उघडलं, पण जीव असा भांड्यात पडला होता की हसूच फुटलं, आणि डोळेही भरून आले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय हो, वाढलं का?"

बाबांनी लेकीच्या स्वच्छ गुडघ्याकडे पाहिलं. "हो साहेब, गुडघ्यापर्यंत. आज काही जमत नाही."

आणि ते लाल पेन, उद्या लागलंच तर असू द्यावं म्हणून, त्यांनी गुपचूप खिशात घातलं.